ग्रीन टी आणि त्वचा: फायदा किती, जाहिरात किती? प्रभादेवीच्या दुकानापासून गावच्या घरापर्यंत, जाणून घ्या सविस्तर

मुंबईची मंडळी सुट्टीला गावी आली की पिशवीतून आधी फरसाण, बिस्किटं आणि सिद्धिविनायकाचा प्रसाद निघायचा. आता त्याच पिशवीतून ग्रीन टीचा डबा निघतो, आणि सोबत ग्रीन टीचा फेसवॉशही. प्रभादेवी, लालबाग, परळ म्हणजे एकेकाळचं गिरणगाव. सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं इथल्या गिरण्यांत पाळीवर राबली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं एकेक गिरणी बंद पडली आणि त्या जागांवर टॉवर, ऑफिसं, मॉल उभे राहिले. टपरीवरचा कटिंग चहा अजून आहेच, पण ऑफिसात आणि जिममध्ये ग्रीन टी आली, मेडिकलच्या काचेच्या कपाटात ग्रीन टीची क्रीम आली. तिथून ती आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत यायला वेळ लागला नाही. राहिलेलं काम मोबाईलवरच्या रील्सनी केलं.

घरोघरी प्रश्न एकच आहे. "ही प्याली तर तोंडावरचे फोड जातात का? रंग उजळतो का?" या प्रश्नाचं सरळ उत्तर आणि त्यामागची माहिती आज बघू.

थोडक्यात महत्त्वाचं

- ग्रीन टीचे त्वचेला काही फायदे आहेत, पण ते थोडे आणि सावकाश मिळणारे आहेत.
- मुरमं आणि उन्हाची लाली यावर काही अभ्यासांत चांगला परिणाम दिसला, काहींत दिसला नाही.
- ग्रीन टीनं माणूस गोरा होत नाही. तसं कोणी सांगत असेल तर ते विकायला सांगतंय असं समजा.
- गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे.
- 'हर्बल', 'ग्रीन टी' असं लिहिलेली पण कंपनीचा पत्ता आणि लायसन्स नंबर नसलेली क्रीम तोंडाला लावू नका. मामला थेट किडनीपर्यंत जाऊ शकतो.
- जेवणाबरोबर चहा नको, मग तो हिरवा असो की दुधाचा. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी हे खास लक्षात ठेवावं.

ग्रीन टी म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं की ग्रीन टीचं झाड वेगळं असतं. तसं नाही. आपण दूध-साखर घालून उकळतो ती काळी पावडर आणि ग्रीन टी, दोन्ही एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. आपल्या देशात हे झुडूप आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, हिमाचलातलं कांगडा अशा भागांत लावतात.

फरक पडतो तो पान तोडल्यानंतर. काळ्या चहासाठी पान चुरगाळून हवेत ठेवतात. सफरचंद कापून ठेवलं की जसं काळं पडतं, तसं ते पान काळपट तांबूस होतं. ग्रीन टीसाठी मात्र तोडलेलं पान लगेच वाफेवर किंवा गरम कढईत तापवतात. त्यामुळं काळं पडायची क्रिया तिथंच थांबते, पान हिरवं राहतं आणि त्यातले मूळचे काही घटक टिकून राहतात. मेथी वाळवताना सावलीत वाळवली तर हिरवी राहते आणि उन्हात टाकली तर पिवळी पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. माल तोच असला तरी पुढची प्रक्रिया गुण बदलते.

गवती चहा वेगळा, ग्रीन टी वेगळी

इथं गावाकडं मोठी गल्लत होते. परसात, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढणारी गवती चहाची पात हिरवी असते, म्हणून तीच ग्रीन टी असं काही जण समजतात. गवती चहा हे गवताच्या जातीचं झाड आहे. त्याला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या घटकामुळं. चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही. त्यात चहातलं कॅफिन नसतं, आणि ग्रीन टीच्या ज्या घटकावर एवढे अभ्यास झालेत तो घटकही नसतो.

सर्दी-पडशात आलं घालून गवती चहा प्यायला काही हरकत नाही, आपल्या आज्यांनी तेच केलं. पण "आम्ही रोज गवती चहा पितो म्हणजे ग्रीन टीच पितो" हे बरोबर नाही. गवती चहाचं तेल तर नुसतं तोंडाला कधीच लावू नका. ते तीव्र असतं, कातडी लाल होऊन आग होऊ शकते.

पानात असं काय आहे?

ग्रीन टीच्या पानात कॅटेचिन नावाचे घटक असतात. त्यातल्या मुख्य घटकाला थोडक्यात ईजीसीजी म्हणतात. चहाची तुरट चव येते ती बरीचशी अशाच घटकांमुळं.

ऊन, धूर, धूळ यांमुळं शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. लोखंडाला गंज चढावा तसा हा प्रकार. कॅटेचिन हे कण थोपवायला मदत करतात, आणि सूज व लालीही थोडी कमी करतात. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर हे चांगलं दिसून आलंय. पण प्रयोगशाळेतली बशी वेगळी आणि उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचं कातडं वेगळं. म्हणून माणसांवर झालेले अभ्यास बघायला हवेत.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात?

*मुरमं आणि पुटकुळ्या:* तैवानमध्ये ८० महिलांना चार आठवडे ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या देऊन एक अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. नाकावर, तोंडाभोवती आणि हनुवटीवर मुरमं कमी झालेली दिसली. पण सगळ्या चेहऱ्याची मुरमं मोजली तेव्हा, गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटात मोठा फरक निघाला नाही. दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात ईजीसीजी चेहऱ्याला आठ आठवडे लावून बघितलं. तिथं मुरमं कमी झाली. २ टक्के ग्रीन टीचं लोशन सहा आठवडे लावून केलेल्या एका छोट्या अभ्यासातही फायदा दिसला. पण त्यात फक्त २० जण होते. एवढ्यावरून साऱ्या गावाला औषध सांगता येत नाही. शिवाय हे सगळं ठरावीक प्रमाणात तयार केलेलं लोशन होतं, कपातला चहा नव्हता.

*उन्हाची लाली:* २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० महिला होत्या. त्यातल्या एका गटाला रोज सुमारे १,४०० मिलिग्रॅम कॅटेचिन असलेलं पेय बारा आठवडे दिलं. कृत्रिम उन्हानं कातडीवर येणारी लाली सहा आठवड्यांनी १६ टक्के आणि बारा आठवड्यांनी २५ टक्के कमी झाली. वाचायला छान वाटतं. पण २०१५ साली ब्रिटनमधल्या ५० जणांच्या अभ्यासात रोज १,०८० मिलिग्रॅम कॅटेचिन तीन महिने देऊनही असा फरक दिसला नाही. आपण दिवसाला एक-दोन कप पितो, त्यातलं प्रमाण या आकड्यांपुढं पासंगालाही पुरत नाही.

*सुरकुत्या:* अमेरिकेत ४० महिलांवर आठ आठवडे प्रयोग झाला. एका गटाला ग्रीन टीची १० टक्के क्रीम आणि वर गोळ्याही दिल्या. कातडीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा थोडी सुधारणा दिसली. डोळ्यांनी बघून मात्र दोन गटांत फरक कळला नाही. म्हणजे फायदा झालाच असेल तर तो आरशात दिसण्याइतका नव्हता.

*चामखिळी:* ग्रीन टीपासून केलेल्या एका मलमाला मात्र औषध म्हणून मान्यता मिळालेली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ साली जननेंद्रियांच्या भागात विषाणूमुळं येणाऱ्या चामखिळींवर हे मलम मंजूर केलं. त्यात अर्काचं प्रमाण १५ टक्के असतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच मिळतं. तेव्हा घरी चहाची पिशवी चामखिळीवर बांधून तोच गुण येईल असं समजू नका.

या सगळ्याचा सारांश काय? ग्रीन टी ढोंग नाही, तशी ती जादूही नाही. चांगल्या सवयींना जोड म्हणून ठीक. दुखण्यावरचं औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

रंग उजळतो का? हा भाग नीट वाचा

नाही. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळं असतो आणि तो जन्मतः ठरलेला असतो. हेच मेलॅनिन उन्हापासून आपलं रक्षणही करतं. ग्रीन टी पिऊन किंवा लावून तो बदलत नाही. उन्हानं आलेला काळेपणा थोडा कमी होतो, पण तो ऊन टाळल्यानं आणि वेळ गेल्यानं कमी होतो.

मग बाजारात काही क्रीमनं आठ-पंधरा दिवसांत चेहरा गोरा कसा दिसतो? खरी भीती इथंच आहे. अशा झटपट क्रीममध्ये बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट सापडते, पारा किंवा स्टेरॉइड. वरच्या खोक्यावर मात्र हिरवी पानं आणि 'हर्बल' असतं.

हे मोघम सांगत नाही. प्रभादेवी स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडं गेलं की परळला महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघी मायलेकींना किडनीचा त्रास सुरू झाला होता. त्याचं कारण शोधताना केईएमच्या डॉक्टरांचं लक्ष त्या तिघी वापरत असलेल्या क्रीमकडं गेलं. तपासणीत त्या क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा सापडला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी सगळीकडं आली होती. तोंडाला लावलेली क्रीम किडनीपर्यंत कशी पोचते, असं आपल्याला वाटतं. पण पारा कातडीतून आत शिरतो, रक्तात मिसळतो आणि रक्त गाळणाऱ्या किडनीत साठतो. मग लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पायावर-तोंडावर सूज येते.

केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही हेच घडलं. कोट्टक्कलच्या रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक वेगळा प्रकार सापडला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम वापरत असल्याचं सांगितलं.

आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे नियम आहे, पण बिननावाच्या डबीला नियम कोण लावणार? ते आपल्यालाच बघावं लागतं.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. गजकर्ण, खाज, काळे डाग यासाठी एकानं वापरलेली ट्यूब दुसरा मागून घेतो. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत होतो, म्हणून वापर चालू राहतो. मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं, मुरमं उठतात, बायकांच्या तोंडावर केस वाढतात. बंद केली की त्रास दुप्पट होतो. गजकर्णावर नुसती स्टेरॉइडची क्रीम लावली तर खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते.

डबी किंवा ट्यूब हातात आली की काय बघायचं?

१. कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का? नुसतं 'मुंबई' किंवा 'मेड इन इंडिया' पुरेसं नाही.
२. उत्पादन लायसन्सचा नंबर आहे का? परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी नंबर हवा.
३. बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आहे का?
४. घटकांची यादी आहे का? यादीत जे जास्त असतं ते आधी आणि कमी असतं ते शेवटी छापतात. 'कॅमेलिया सायनेन्सिस लीफ एक्स्ट्रॅक्ट' हे नाव पार शेवटी, सुगंधाच्याही खाली असेल, तर त्यात ग्रीन टी नावापुरतीच आहे. पैसे तुम्ही पाण्याचे आणि वासाचे देताय.
५. यादीत 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर हातही लावू नका. 'मोमेटासोन', 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल' ही स्टेरॉइडची नावं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको.
६. आठवडी बाजारात, गाडीवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर सुटी डबी मिळत असेल आणि वर नुसता स्टिकर असेल, तर घेऊ नका. ओळखीचा विकतोय म्हणून माल चांगला ठरत नाही.

यादी इंग्रजीत आणि बारीक छापलेली असते. शाळकरी पोराला मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचायला सांगा. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते. टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. डबी आणि बिल जपून ठेवा, टाकून देऊ नका.

एक गोष्ट आणखी. सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांत कायद्यानं फरक आहे. तो किती महत्त्वाचा असतो, ते परळच्याच एका कंपनीच्या गोष्टीवरून कळेल. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी परळमध्ये विको कंपनी सुरू केली. त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. आपल्या दृष्टीनं एवढंच लक्षात ठेवायचं: सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाणारी वस्तू स्वच्छता आणि दिसणं यासाठी असते. ती आजार बरा करते असा दावा कोणी केला तर सावध व्हा.

प्यायचीच असेल तर कशी प्यावी?

- एका कपाला एक पिशवी किंवा अर्धा-पाऊण चमचा पानं पुरे.
- पाणी उकळत असताना पान टाकू नका. गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, मग पान घाला. ७० ते ८० अंश तापमान चांगलं. आपल्या चहासारखी खळाखळा उकळली तर कडू होते आणि मग "ही कसली कडूझार" म्हणून डबा फळीवर पडतो.
- दोन-तीन मिनिटांत पिशवी काढा.
- दूध घालू नका. दुधातली प्रथिनं कॅटेचिनला धरून ठेवतात.
- साखर, गूळ घातला तर ग्रीन टीचा मुद्दाच संपला. चवीला थोडं लिंबू पिळलं तर चालतं.
- दिवसाला दोन, फार तर तीन कप. संध्याकाळनंतर नको, झोप उडते. एका कपात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते कॉफीपेक्षा कमी असलं तरी असतंच.
- सकाळी अगदी उपाशीपोटी नको. पित्त, मळमळ होते.

जेवण आणि चहा यांत अंतर ठेवा

चहातला तुरट घटक भाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह शरीराला मिळू देत नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ महिलांना रक्तक्षय आढळला. खेडोपाडी बाई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते आणि लगेच घोटभर चहा घेऊन शेतावर जाते. ताटातल्या पालेभाजीचा फायदा मग तिथंच निम्मा होतो. २०२४ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराच्या सूचना काढल्या. त्यांतही जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

एक उलटा प्रकारही होतो. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो, डोळ्यांखाली काळं दिसतं, केस गळतात. त्यावर उपाय म्हणून पोरगी ग्रीन टी सुरू करते, तीही जेवणाबरोबर. लोह अजून कमी होतं आणि चेहरा अजून उतरतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घेणं जास्त उपयोगाचं.

चेहऱ्याला लावायची तर?

घरच्या घरी करायचा साधा, बिनखर्चाचा प्रकार असा:

- वर सांगितल्याप्रमाणे ग्रीन टी करा. साखर, लिंबू काही घालू नका. पूर्ण गार होऊ द्या.
- आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर चेहऱ्याला लावू नका.
- चेहरा साध्या पाण्यानं धुऊन, स्वच्छ सुती कापड त्या पाण्यात भिजवून पिळा आणि दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. उन्हातून आल्यावर गार वाटतं, आग कमी होते. यात गारव्याचा वाटा मोठा आहे, हेही खरंच.
- उरलेलं पाणी फ्रिजमध्ये एक दिवस चालेल. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी तुळशीला घाला. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात.

काय करू नका:

- लिंबाचा रस मिसळून लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. रील्समधला सगळ्यात घातक उपाय हाच.
- खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही मिसळू नका.
- वापरलेली चहाची पानं किंवा साखर घेऊन चेहरा खसाखसा घासू नका. मुरमं फुटून डाग पडतात.
- जखम, चिघळलेला फोड, गजकर्ण यावर लावू नका.

कोणी जपून राहावं?

*गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका:* कॅफिनमुळं प्रमाण कमी ठेवा, डॉक्टरांना विचारूनच प्या.
*रक्तक्षय असलेले:* आधी उपचार, मग ग्रीन टी.
*रक्त पातळ करणारी, बीपीची, हृदयाची गोळी चालू असलेले:* काही गोळ्यांचा परिणाम ग्रीन टीमुळं बदलतो. डॉक्टरांना सांगा.
*लहान मुलं:* गरज नाही.
*वजन कमी करायच्या, 'ग्लो'च्या गोळ्या घेणारे:* कपातल्या चहाची भीती नाही, पण अर्काच्या गोळ्यांची आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलंय की गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर यकृतावर ताण आल्याची चिन्हं दिसतात. डोळे पिवळे होणं, गडद लघवी, भूक मरणं असं काही जाणवलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

शेतात राबणाऱ्यांनी आधी हे करावं

ग्रीन टीच्या अभ्यासांत ज्या उन्हाची चर्चा आहे, ते ऊन आपण रोज आठ-आठ तास खातो. म्हणून आपल्या कातडीला सगळ्यात मोठा फायदा कपातून मिळणार नाही, तो पुढच्या गोष्टींतून मिळेल:

- सकाळी ११ ते दुपारी ४ च्या उन्हातली कामं होतील तेवढी टाळा. भांगलण, खुरपणी पहाटे उरका.
- टोपी, मुंडासं, पदर, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात तो खरा उपाय आहे, त्यात लाजायचं काही नाही.
- परवडत असेल तर उघड्या भागाला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी.
- फवारणीच्या वेळी हातमोजे आणि तोंडाला फडकं. काम झालं की आधी साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. फवारणीनंतर उठलेल्या पुरळावर ग्रीन टी लावत बसू नका.
- ऊसतोड, कडबा, गाजरगवत यांमुळं खाज सुटत असेल तर त्यापासून दूर राहणं हाच पहिला इलाज.
- पाणी भरपूर प्या. थंडीत कातडी उललीच तर खोबरेल तेल लावा, स्वस्त आणि मस्त.

डॉक्टरकडं कधी जावं?

मुरमं गाठीसारखी आणि दुखरी असतील, खाजेचे गोल चट्टे घरातल्या दोघा-तिघांना झाले असतील, कातडीवर बधिर डाग असेल, एखादा तीळ अचानक वाढत किंवा रक्त देत असेल, किंवा कुठलीही क्रीम लावल्यावर सूज आली असेल, तर घरगुती उपाय थांबवा. बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालयाचा त्वचा विभाग. तिथून मुंबईला पाठवलं तर पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी आणि मध्य रेल्वेचं परळ ही स्टेशनं एकमेकांना लागूनच आहेत. प्रभादेवीचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड, ते २०१८ मध्ये बदललं. जुन्या माणसांना विचारताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगितलं. केईएम परळच्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बाह्यरुग्ण विभागासाठी सकाळी लवकर पोचा, जुने रिपोर्ट आणि वापरत असलेल्या सगळ्या क्रीमच्या ट्यूब सोबत न्या. सिद्धिविनायकाचं दर्शन त्याच दिवशी करायचा बेत असेल तर मंगळवार टाळा. त्या दिवशी गर्दीत वेळ जातो आणि दवाखाना चुकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*किती दिवसांत फरक पडतो?* अभ्यासांत चार ते बारा आठवडे लागले, तेही जास्त प्रमाण देऊन. आठ दिवसांत फरक दाखवणाऱ्या गोष्टीवर संशय घ्या.

*महागडी ग्रीन टी जास्त गुणकारी का?* किंमत बऱ्याचदा डब्याची आणि वासाची असते. ताजं पान, बंद डबा, तारीख आणि खाद्य परवान्याचा १४ आकडी नंबर बघा, एवढं पुरे.

*पुरुषांनी लावली तर चालते का?* कातडीला बाई-माणूस कळत नाही. चालते.

*आपला दुधाचा चहा बंद करावा का?* गरज नाही. कप कमी करा, साखर कमी करा, जेवणापासून लांब ठेवा. दिवसाला सहा कप गोड चहावर दोन कप ग्रीन टी वाढवण्यापेक्षा सहाचे दोन केलेले बरे.

*पोरीचं लग्न जमवायचंय, रंग थोडा तरी उजळावा म्हणून काय करू?* तिचं हिमोग्लोबिन तपासा, पोटभर जेवू द्या, झोपू द्या. गोरेपणाच्या क्रीमपायी किडनी गेली तर डायलिसिसचा खर्च लग्नाच्या खर्चाहून मोठा होतो. रंगावरून नकार देणारं स्थळ जाऊ द्या, त्यात आपलं काही जात नाही.

ग्रीन टी आवडत असेल तर जरूर प्या. मुंबईच्या पाहुण्यानं आणलेला डबा टाकून द्यायचं कारण नाही. फक्त त्याच्यासोबत आलेली बिनपत्त्याची डबी असेल, तर ती मात्र आजच बाजूला काढा, आणि ज्यानं आणली त्यालाही ही माहिती पाठवा.

(सूचना: वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. त्वचेचा किंवा इतर आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)